पापी संपला?

२००९ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. रविवारची सकाळ होती. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा तेव्हा अमेरिकेत, बॉस्टन शहराजवळ नोकरीला होता. दर रविवारी त्याचा फोन यायचा. आधी सगळ्यांची खुशाली, मग आंबे कसे आहेत, ऊन किती आहे, अशा ठरलेल्या वळणांनी बोलणं चालायचं. त्या दिवशी मात्र मी 'हॅलो' म्हणतो न म्हणतो तोच तो म्हणाला, ''मामू, पापी संपला.''

मी दचकलो. म्हटलं, ''कोण पापी? कसा संपला?'' आमच्या भाषेत पापी म्हणजे पाप करणारा. तो संपला तर वाईट वाटायचं कारण नाही. पण पोराचा आवाज तर घरातलं कुणी आजारी असल्यासारखा. मग उलगडा झाला. हा पापी म्हणजे डेव्हिड ऑर्टिझ. बॉस्टनच्या 'रेड सॉक्स' या बेसबॉल संघाचा सर्वांत लाडका फटकेबाज. मूळचा डॉमिनिकन रिपब्लिकचा. तिकडच्या स्पॅनिश बोलीत 'पापी' हे लाडाचं संबोधन आहे, आपण 'बाबा रे', 'राजा' म्हणतो तसं. ऑर्टिझला म्हणे माणसांची नावं लक्षात राहत नसत, म्हणून तो भेटेल त्याला 'पापी' म्हणायचा. शेवटी ते नाव त्यालाच चिकटलं. देह धिप्पाड, म्हणून 'बिग पापी'.

तर हा बिग पापी संपला, असं त्या मे महिन्यात सगळं बॉस्टन म्हणत होतं. नुसतं म्हणत नव्हतं, भांडत होतं. का संपला आणि आता काय करायचं, यावर घरोघरी मतं होती. आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते त्या भांडणाबद्दल. एखाद्याचा हात चालेनासा झाला की भोवतालची माणसं काय काय बोलतात, त्यातलं किती खरं ठरतं, आणि त्या माणसाचं मध्ये काय होतं, त्याबद्दल.

आपण क्रिकेटवाली माणसं, म्हणून आधी थोडं त्या खेळाविषयी. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा, ज्याला पिचर म्हणतात, तो फलंदाजापासून साठ फूट सहा इंचांवर उभा असतो. चेंडू टप्पा न पडता थेट येतो. वेग ताशी ९५ मैल असेल तर हातातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत पोचायला सेकंदाचे साधारण चार दशांश लागतात. त्यातला निम्मा वेळ चेंडू ओळखण्यात आणि मारायचा की सोडायचा हे ठरवण्यात जातो, उरलेल्या निम्म्यात बॅट फिरवायची. हे इतकं अवघड आहे की दहापैकी तीन वेळा यशस्वी होणारा तिथे उत्तम फलंदाज समजला जातो. म्हणजे उत्तम माणूससुद्धा दहापैकी सात वेळा मान खाली घालून परत येतो. हा हिशेब आजच्या गोष्टीत फार महत्त्वाचा आहे.

ऑर्टिझची संघातली जागाही वेगळी होती. तो मुख्यतः नुसता फलंदाज म्हणून खेळायचा. क्षेत्ररक्षण नाही, चेंडू फेकणं नाही. सामन्यात चार-पाच वेळा पाळी यायची, तेव्हा बॅट घेऊन जायचं आणि येऊन बाकावर बसायचं. क्रिकेटमध्ये शून्यावर बाद झालेला माणूस दोन झेल घेऊन थोडी भरपाई करू शकतो. ऑर्टिझला ती सोय नव्हती.

आता त्याची पुण्याई बघा. २००२च्या अखेरीस मिनेसोटाच्या संघाने त्याला मोकळं केलं आणि पुढच्या मोसमात तो बॉस्टनला आला. बॉस्टनने १९१८ नंतर एकदाही जागतिक मालिका जिंकली नव्हती. आजोबा वाट बघून गेले, वडील वाट बघून गेले, अशी घरं त्या गावात होती. २००४ साली उपांत्य मालिकेत न्यूयॉर्कच्या 'यांकीज'नी बॉस्टनला लागोपाठ तीन सामन्यांत हरवलं. चौथा हरला की घरी. त्या चौथ्या सामन्यात बाराव्या डावात ऑर्टिझने होम रन मारून सामना जिंकला. पाचव्यात चौदाव्या डावात पुन्हा त्याच्याच फटक्याने विजय मिळाला. ०-३ अशा पिछाडीवरून सात सामन्यांची मालिका जिंकणारा बेसबॉलमधला तो पहिला संघ. पुढे ८६ वर्षांनी जगज्जेतेपद आलं. २००६ साली ऑर्टिझने एका मोसमात ५४ होम रन मारले, तो रेड सॉक्सचा विक्रम झाला. २००७ला पुन्हा जगज्जेतेपद. या माणसाचं त्या गावाने किती कौतुक केलं असेल, तुम्हीच विचार करा.

आणि २००९च्या एप्रिल-मेमध्ये हाच माणूस बॅट फिरवतो आणि चेंडू मागे यष्टिरक्षकाच्या हातात जातो. मोसम सुरू होऊन सहा आठवडे उलटले तरी एकही होम रन नाही. १४ मे रोजी, गुरुवारी, कॅलिफोर्नियात एक लांबलेला सामना झाला. ऑर्टिझ सात वेळा बॅट घेऊन गेला, सातही वेळा हात हलवत परत आला. त्या सामन्यात त्याच्या डोळ्यांदेखत आपले बारा गडी धावा न करता मैदानात अडकून राहिले. संघ एका धावेने हरला. त्यानंतर व्यवस्थापक टेरी फ्रँकोना यांनी त्याला पुढच्या सामन्यांतून विश्रांती दिली. माझ्या भाच्याचा फोन आला तो त्याच रविवारी.

भाच्याच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर रोज यावर संसद भरायची. कोण कोण असायचं हे तो मला रंगवून सांगायचा. एक होती निवृत्तीला आलेली बाई, जिचे वडील २००४च्या आधीच वारले होते. एक आकडेमोड्या तरुण. एक डॉमिनिकन स्वयंपाकी, ज्याला या विषयावर कुणी वाईट बोललेलं खपत नसे. आणि आमचा भाचा, ज्याला हा खेळ कळायला लागून जेमतेम तीन वर्षं झाली होती, पण मतं मात्र जन्मजात असल्यासारखी.

पहिला पक्ष मनगटवाल्यांचा. आदल्या वर्षी, २००८च्या मेअखेरीस, ऑर्टिझच्या डाव्या मनगटाला दुखापत झाली होती. स्नायूबंधाचं आवरण फाटलं होतं आणि जवळजवळ दोन महिने तो बाहेर होता. हे लोक म्हणायचे, मनगट बरं झालेलं नाही, तो दुखणं लपवतो आहे, त्याला सरळ घरी बसवा आणि पूर्ण बरा होऊ द्या.

दुसरा पक्ष डोळेवाल्यांचा. चेंडू त्याला दिसतच नाही, चष्मा द्या, तपासणी करा. तिसरा पक्ष जोडीदारवाल्यांचा. ऑर्टिझच्या पाठोपाठ मॅनी रॅमिरेझ नावाचा तितकाच भयंकर फलंदाज यायचा. ऑर्टिझला चुकवावं तर पुढे मॅनी, म्हणून पिचरला नाइलाजाने ऑर्टिझला मारण्याजोगा चेंडू टाकावा लागे. २००८च्या ३१ जुलैला बॉस्टनने मॅनीला दुसऱ्या संघात धाडलं. पाठराखण गेली, आता कोण कशाला चांगला चेंडू टाकेल, असा यांचा मुद्दा.

चौथा पक्ष वयवाल्यांचा. हे सर्वांत निर्दय. ऑर्टिझ तेव्हा ३३ वर्षांचा होता. त्यातही काही कुजबुजायचे, की हे तेहतीस कागदावरचे, खरं वय जास्त असणार. यांचं म्हणणं असं, की देह जड आहे, असे धिप्पाड फटकेबाज उतरायला लागले की झपाट्याने उतरतात. बॅटचा वेग कमी झाला आहे. वेगवान चेंडू गाठायला तो आता आधीच बॅट काढतो, आणि आधी काढली की संथ चेंडूला फसतो. म्हणजे दोन्हीकडून अडकला. यावर उपाय नाही, बाकावर बसवा आणि दुसरा शोधा.

पाचवा पक्ष बोलायचा कमी, पण सूचक हसायचा. त्या काळात बेसबॉलमध्ये उत्तेजक औषधांच्या बातम्या रोज निघत होत्या. तपासणी कडक झाल्यावर फटके बंद पडले, यातच काय ते समजा, असं ते हसणं.

याशिवाय किरकोळ वैद्य होतेच. बॅट हलकी घ्या. पाय जरा उघडे ठेवून उभे राहा. जुन्या चित्रफिती बघा. काही दिवस बॅटला हात लावू नका. याच्या उलट, रोज दोनशे चेंडू जास्त मारा.

भाचा मला विचारायचा, ''मामू, तुम्हाला काय वाटतं?'' मी कधी मैदान पाहिलेलं नाही, मला काय वाटणार? पण का कोण जाणे, मी दर रविवारी त्या पापीची चौकशी करू लागलो. बायको म्हणायची, घरातल्या दुखण्याची एवढी विचारपूस केली असती तर! तिला कारण ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं.

माझे अब्बा शिंपी होते. मिरजेच्या बाजारात त्यांचं छोटं दुकान होतं. बंद गळ्याचा कोट आणि शेरवानी ही त्यांची खासियत. सांगली-कोल्हापूरहून लोक लग्नाचं कापड घेऊन यायचे. खांद्याला आणि मुंढ्याला त्यांच्या हाताचा कोट असा बसायचा की गिऱ्हाईक आरशापुढून हलत नसे. १९९८ साली, अब्बा पासष्टीच्या पुढे गेल्यावर, काम बिघडू लागलं. एक बाही आखूड झाली. एका कोटाचा गळा ओढू लागला. एका नवरदेवाची शेरवानी आदल्या रात्री उसवून पुन्हा शिवावी लागली.

मग बोलणी सुरू झाली. समोरचा पानवाला म्हणे, मास्तरांचा हात गेला. शेजारचा कापडवाला म्हणे, दुकानात उजेड कमी आहे. एक चुलते म्हणाले, नजर लागली. भाईजान म्हणाले, मशीन जुनं झालं, नवं घेऊ. मी तेव्हा नुकताच छापून येऊ लागलेला कवी होतो आणि मला सगळ्यातलं कळत होतं. मी म्हणालो, वय झालं, आता आराम करू द्या. घरात हाच विचार सर्वांत समजूतदार ठरला. आम्ही अब्बांना विचारलं नाही, सांगितलं. दुकान भाड्याने दिलं, मशीन आणि ती मोठी कात्री एका कारागिराला विकली. अब्बा काही बोलले नाहीत. त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला आहे.

इतकं साधं होतं. आणि आमच्या चर्चेत कुणी ते बोललं नव्हतं असंही नाही. आईने एकदा म्हटलं होतं, यांना खडूची रेघ दिसत नाही बहुतेक. पण दहा मतांमध्ये ते एक मत होतं, आणि तेही बाईमाणसाचं, म्हणून हवेत गेलं.

आता पुन्हा बॉस्टनला येऊ. फ्रँकोनांनी काय केलं ते मला महत्त्वाचं वाटतं. त्यांनी ऑर्टिझला काही सामने विश्रांती दिली आणि परत खेळवलं. २० मे रोजी, बॉस्टनच्या फेनवे पार्क मैदानावर टोरोंटोविरुद्ध, ऑर्टिझने त्या मोसमातला पहिला होम रन मारला. एका होम रनसाठी सारं मैदान उभं राहिलं. ज्याने एका वर्षात ५४ मारले त्याच्या एका फटक्यासाठी एवढ्या टाळ्या! भाचा म्हणाला, त्यात कौतुक होतं तेवढीच दयाही होती, आणि ते त्यालाही कळलं असणार.

पण गोष्ट इथे संपली असती तर ती सिनेमाची झाली असती. होम रननंतर सगळं पुन्हा जैसे थे. मे सरता सरता फ्रँकोनांनी त्याला फलंदाजीच्या क्रमात तिसऱ्या जागेवरून सहाव्या जागेवर उतरवलं. मेअखेरीस त्याची सरासरी होती ०.१८५, म्हणजे दहा वेळांत दोनदाही यश नाही. हाताशी होम रन तोच एक. जूनमध्ये त्याचे डोळेही तपासून घेतले. औषधाचे थेंब मिळाले, चष्मा काही लागला नाही. म्हणजे डोळेवाला पक्ष पूर्ण जिंकला नाही, पूर्ण हरलाही नाही.

आणि जूनपासून चेंडू बॅटला लागू लागला. एवढंच. कुठल्या दिवशी, कशामुळे, हे बोट ठेवून सांगता येत नाही. मोसम संपला तेव्हा होम रन झाले होते २८. म्हणजे पहिल्या दोन महिन्यांत एक आणि पुढच्या चार महिन्यांत सत्तावीस. सरासरी मात्र ०.२३८च राहिली, पूर्वीच्या मानाने कमीच.

मधल्या काळात पाचव्या पक्षालाही बातमी मिळाली. जुलैअखेर वृत्तपत्रात आलं, की २००३ साली खेळाडूंची जी गुप्त चाचणी झाली होती तिच्या यादीत ऑर्टिझचं नाव होतं. ऑगस्टमध्ये पत्रकारांपुढे त्याने सांगितलं, की मी स्टेरॉइड कधी घेतलं नाही की विकत आणलं नाही, पण दुकानात मिळणारी पूरक औषधं घेण्यात मी निष्काळजी होतो. पुढे २०१६ साली बेसबॉलचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनीच म्हटलं, की त्या यादीतल्या काही नावांबाबत निकाल शंकास्पद होते. २००४पासून शिक्षेची तरतूद असलेली चाचणी सुरू झाली, त्यानंतर ऑर्टिझ कधी दोषी आढळला नाही. तरीही काही लोकांच्या मनातून तो डाग गेला नाही. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण आवडत्या माणसाची गोष्ट सांगताना नकोसं तेवढं गाळायची सवय आपल्या सगळ्यांना असते.

२०१०च्या एप्रिलमध्ये पुन्हा तेच. महिन्याची सरासरी ०.१४३, होम रन एक. आता तर वयवाल्यांचा विजयोत्सव. मागचा उन्हाळा म्हणजे विझत्या दिव्याची शेवटची फडफड होती, असं ते म्हणत. एका सामन्यात ऐन मोक्याच्या क्षणी ऑर्टिझला परत बोलावून त्याच्या जागी माइक लॉवेलला पाठवलं गेलं. फटकेबाजाला याहून मोठा अपमान नाही. पण मेमध्ये त्याने दहा होम रन मारले, आणि मोसम ३२ होम रनवर संपवला.

त्यापुढे त्याने स्वतःत केलेला बदल आकड्यांत दिसतो. २०१० साली तो १४५ वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू चुकवून बाद झाला होता. २०११ साली ८३ वेळा. सरासरी ०.३०९. डावखुरा ऑर्टिझ सारं बळ उजवीकडे लावणार, हे ओळखून विरोधी संघ तिकडेच गर्दी करायचे. हळूहळू तो चेंडू डावीकडेही ढकलू लागला. फेनवे पार्कला डाव्या अंगाला ३७ फूट उंच हिरवी भिंत आहे, तिचा त्याने उपयोग करून घेतला. म्हणजे बॅटचा वेग कमी झाला असेलही. वयवाले चुकले होते असं म्हणता येणार नाही. पण वय झालं की एकच वाट उरते, घरची, हे त्यांचं गणित चुकलं.

२०१३ साली बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. ते गाव हादरलेलं असताना ऑर्टिझ मैदानावर माइक घेऊन बोलला, आणि त्याच वर्षी जागतिक मालिकेत त्याची सरासरी होती ०.६८८. सोळा वेळांत अकरा फटके. १९१८ नंतर पहिल्यांदा बॉस्टनने आपल्या घरच्या मैदानावर जगज्जेतेपद पाहिलं. २०१६ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्याने ३८ होम रन मारले आणि निवृत्त झाला. तेव्हा हेच लोक म्हणत होते, अजून एक वर्ष खेळ. एकूण होम रन ५४१. त्यातले २५२ हे २००९पासूनचे, म्हणजे तो 'संपला' त्या मोसमापासून पुढचे. २०२२ साली पहिल्याच मतदानात त्याची बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये निवड झाली.

आता तुम्ही म्हणाल, जिद्द धरली की सगळं मिळतं, हेच ना? नाही. तसं सांगितलं तर मी खोटं बोलेन.

बाल्टिमोरच्या संघात ख्रिस डेव्हिस नावाचा असाच फटकेबाज होता. २०१३ साली त्याने ५३ होम रन मारले. २०१६ साली संघाने त्याच्याशी सात वर्षांचा, १६ कोटी १० लाख डॉलरचा करार केला. आणि त्याचा हात गेला. २०१८ साली सरासरी ०.१६८. त्या सप्टेंबरपासून २०१९च्या एप्रिलपर्यंत लागोपाठ ५४ वेळा तो बॅट घेऊन गेला आणि एकदाही यश आलं नाही. तो विक्रमच झाला. त्यालाही हेच सल्ले मिळाले. उभं राहणं बदल, विश्रांती घे, जास्त सराव कर. त्यालाही संघाने खेळवलं. पण तो परत आला नाही. २०२१ साली, दुखरं कंबरेचं हाड घेऊन, त्याने निवृत्ती जाहीर केली.

उलटा दाखलाही आहे. बेब रूथ हा बेसबॉलचा आद्य महापुरुष. १९३५ साली चाळिशीत तो बॉस्टनच्या दुसऱ्या एका संघातून खेळत होता आणि काहीच जमत नव्हतं. २५ मे रोजी पिट्सबर्गमध्ये त्याने एकाच सामन्यात तीन होम रन मारले. बघणाऱ्याला वाटलं असेल, आला परत! आठवडाभरात त्याने खेळ सोडला. ते तीन फटके म्हणजे सुरुवात नव्हती, निरोप होता.

म्हणून मला जे कळलं ते इतकंच. बाजू वाईट पडली आहे की दिवस संपले आहेत, हे ते चालू असताना कुणालाच सांगता येत नाही. बाहेरून दोन्ही अगदी सारखं दिसतं. तोच चुकलेला फटका, तीच खाली घातलेली मान. दहापैकी सात वेळा हरण्याच्या धंद्यात सलग पंधरा वेळा हरणं हा नुसता योगायोगही असू शकतो. मेमध्ये ऑर्टिझ संपला म्हणणारे आणि नाही म्हणणारे, दोघांकडे पुरावा सारखाच होता. खरं उत्तर मैदानात होतं, आणि ते मिळायचं तर त्याला पाळी मिळायला हवी होती.

फ्रँकोनांची मधली वाट मला म्हणून मोलाची वाटते. त्यांनी 'तू पूर्वीसारखाच आहेस' असं खोटं सोंग केलं नाही. तिसऱ्या जागेवरून सहाव्या जागेवर आणलं, बाकावरही बसवलं. संघाचंही नुकसान होत असतं, त्याचाही विचार करावा लागतो. पण बॅट काढून घेतली नाही. आम्ही मिरजेत दुकान बंद न करता अब्बांना शेरवानीऐवजी पायजमे दिले असते, बेतायला एक मुलगा हाताशी दिला असता, तर? कदाचित तरीही त्यांचं काम सुधारलं नसतं. पण ते त्यांना आणि आम्हाला कात्री हातात असताना कळलं असतं.

डेव्हिसच्या गोष्टीतलं एक लहानसं माणूस राहिलं. ती ५४ अपयशांची माळ चालू असताना बाल्टिमोरचा संघ बॉस्टनला खेळायला आला होता. तिथल्या एका लहान मुलाने, म्हणजे विरोधी संघाच्या चाहत्याने, डेव्हिसला हाताने लिहिलेली चिठ्ठी दिली. तू कसा खेळतोस याचा तू माणूस म्हणून किती चांगला आहेस याच्याशी काही संबंध नाही, अशा अर्थाचं त्यात लिहिलं होतं. त्या मुलाने बॅट बदल, पाय सरक असं काही सांगितलं नाही. १३ एप्रिलला, त्याच फेनवे पार्कवर, डेव्हिसची ती माळ तुटली. चिठ्ठीमुळे तुटली असं मी म्हणणार नाही. पण इतक्या सल्ल्यांमध्ये त्याच्या लक्षात राहण्याजोगा तो एकच कागद असेल, असं मला वाटतं.

भाचा आता भारतात परतला आहे. त्याच्या घरी भिंतीवर ३४ नंबरची लाल अक्षरांची बनियन टांगलेली आहे, ऑर्टिझची. कधी कुणाबद्दल 'तो संपला' असं कुणी म्हणालं की आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो.

अब्बा २००४ साली गेले. पापीची गोष्ट त्यांना सांगायची राहिली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर, डोळ्यांवरची पट्टी निघून थोडे दिवस झाले होते. दुपारची वेळ. आई उशीचा अभ्रा शिवत बसली होती आणि सुईत दोरा ओवायला मला हाक मारत होती. अब्बांनी हात पुढे केला. सुई घेतली, खिडकीकडे तोंड केलं आणि एका झटक्यात दोरा ओवला. आईकडे परत देण्याआधी त्यांनी ती सुई क्षणभर माझ्यासमोर धरली. काही बोलले नाहीत.

तोपर्यंत दुकान दुसऱ्याचं झालं होतं.